छंदाचा धंदा करताना : रंगीत काचकामाचा हिशोब



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेला विषय काचेचा आहे. ऊस विकास खात्याचा आणि काचेचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा, की गेल्या दोन हंगामांत गटागटांतून फिरताना तीन-चार घरांत आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला. पोराला किंवा पोरीला हाताची एखादी कला लागली आहे, त्यात त्याचा जीव रमतो, आता त्याला त्याचाच धंदा करायचा आहे. तर उसाच्या बिलातून पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर किती? कुणाचे लाकडाचे कोरीव काम होते, कुणाचे मातीचे. घोडकाठच्या एका घरात मात्र स्टेन्ड ग्लास, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून खिडक्या, दिवे, देवघराची दारे करण्याचे काम निघाले.

घर अडीच एकरांचे. भाऊ दोघे. थोरला ऊस पाहतो. धाकटा पुण्यात एका काचकामवाल्याच्या हाताखाली दोन वर्षे राहून आला. त्याचे काम आम्ही पाहिले, काम चांगले आहे. वडिलांचा विचार कालव्याकडेचा अर्धा एकर तुकडा गहाण टाकून त्याला शेड, भट्टी आणि काचेचा साठा घेऊन द्यावा असा होता. थोरल्याचा विचार त्याच पैशात ठिबक करावे असा होता. दोघेही बरोबरच बोलत होते, आणि घरात चार महिने बोलणे बंद होते. अशा वेळी ‘छंद जोपासा’ किंवा ‘शेती सोडू नका’ एवढे सांगून भागत नाही. म्हणून ही कला काय आहे, तिच्यात पैसा कोठे येतो आणि कोठे गळतो, हे सविस्तर मांडतो. ज्यांच्या घरी दुसरी कुठली कला असेल त्यांनी काचेच्या जागी ती धरून वाचावे. हिशोब फारसा बदलत नाही.

प्रथम काच म्हणजे काय ते पाहू. पाचट काढताना उसाच्या पानाने हात चिरतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पानाच्या कडेला जी धार असते ती सिलिकाची. ऊस जमिनीतून सिलिका भरपूर उचलतो. बगॅस जाळल्यावर राखेत तीच उरते, आणि बॉयलरमध्ये वितळून तिचे दगडासारखे गठ्ठे होतात, हे आपल्या बॉयलरवरच्या मंडळींना विचारावे. काचही मुळात सिलिकाच. स्वच्छ वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे पंधराशे अंश उष्णतेत वितळवली की साधी काच होते. त्यात कोबाल्ट अगदी चिमूटभर पडले तर गर्द निळी, क्रोमियम पडले तर हिरवी, मँगनीजने जांभळी, आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म अंशाने माणकासारखी लाल होते. म्हणजे हा रंग वरून दिलेला नसतो, काचेच्या अंगातच असतो. म्हणून उन्हाने तो सहसा उडत नाही. युरोपातल्या देवळांतील सात-आठशे वर्षांपूर्वीच्या खिडक्या आजही रंगाने तशाच आहेत. ‘स्टेन्ड’ हे नाव पडले ते चांदीच्या क्षारामुळे. तो काचेवर लावून भट्टीत भाजला की काचेवर पिवळा डाग उतरतो. ही युक्ती चौदाव्या शतकाच्या आरंभी तिकडे रूढ झाली.

कामाची रीत ऐकायला सोपी आहे. आधी पूर्ण मापाचे चित्र कागदावर काढायचे. एकेका तुकड्याचा कागदी नमुना कापायचा. काचेवर हिरकणीने किंवा चाकाच्या कटरने रेघ मारायची आणि पकडीने तुकडा अलगद मोडून घ्यायचा. आतल्या बाजूला खोल वळलेला आकार आला की काच हमखास भलतीकडे फुटते. नवख्याचा माल तेथेच वाया जातो. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. या पट्टीला दोन्ही अंगांनी खोबण असते, दोन तुकडे दोन बाजूंनी आत सरकतात. सांध्यांवर रेडिओ दुरुस्तीवाला देतो तसे कथील-शिशाचे सोल्डर द्यायचे. शेवटी जवसाचे तेल आणि खडूची पूड यांची लांबी खोबणीत दाबून भरायची, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही आणि चौकट खुळखुळत नाही. लहान कामात शिशाच्या पट्टीऐवजी प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी गुंडाळतात आणि तिच्यावर सोल्डर फिरवतात. दिव्यांच्या गोल टोप्या या दुसऱ्या रीतीने होतात.

आपल्याकडे ही कला साहेबाबरोबर आली. मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्च १८५८ साली खुले झाले, त्यातल्या काचा विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या कारखान्यातून आलेल्या. पुढे १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर, त्याच्या शेजारचे विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८८८ साली पुरे झालेले बोरीबंदरचे स्टेशन, या सगळ्यांत रंगीत काचा आहेत. आता या इमारती सव्वाशे-दीडशे वर्षांच्या झाल्या. शिसे थकते, काच पोट काढते, सांधे सुटतात. तेव्हा त्या उतरवून, धुऊन, पुन्हा शिशात बसवणारा माणूस लागतो. २०१३ ते २०१५ या काळात राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाची दुरुस्ती झाली, त्या वेळी काचांचे काम मुंबईच्या स्वाती चांदगडकर यांनी केले. आपल्या नावाची मराठी बाई हे काम करते, हे आम्ही त्या घरी सांगितले तेव्हा धाकट्याची आई प्रथमच बोलली. ती म्हणाली, “म्हणजे हे नुसतं खेळणं नाही तर.”

नाहीच. पण दुरुस्तीचे काम आणि नव्या बंगल्यांचे काम हे दोन वेगळे धंदे आहेत, हे लक्षात घ्यावे. दुरुस्तीला ज्ञान जास्त लागते, गिऱ्हाईक थोडे पण ठाम असते, आणि फॅशन बदलली म्हणून ते जात नाही. नव्या कामात गिऱ्हाईक पुष्कळ, पण ते आज काच म्हणते आणि उद्या दुसरेच काही म्हणते.

याचे सगळ्यांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. लुई कम्फर्ट टिफनी हा न्यूयॉर्कच्या नामांकित जवाहिऱ्याचा मुलगा. जन्म १८४८. बापाची पेढी चालू असताना हा चित्रे काढत बसे, मग काचेच्या नादी लागला आणि १८८५ साली त्याने स्वतःची काच कंपनी काढली. खिडक्या केल्या, आणि विजेचे दिवे आले तशा त्यांच्यासाठी रंगीत काचेच्या टोप्या केल्या. त्याच्याकडे काच निवडणाऱ्या आणि कापणाऱ्या बायकांचा एक स्वतंत्र विभाग होता. त्याची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल. टिफनीचे म्हणून जगभर गाजलेले कितीतरी दिवे तिने रेखाटलेले होते. तिची घरी लिहिलेली पत्रे सापडून अभ्यासली गेली तेव्हा, म्हणजे शंभर वर्षांनी, ते लोकांना नीट कळले. (घरच्या लेकीसुनांच्या नावे कामाचे श्रेय आणि बँकेचे खाते आधीपासून असावे, असे आम्ही म्हणतो ते उगाच नाही.) पहिल्या महायुद्धानंतर लोकांची आवड पालटली. साध्या सरळ रेषांचे दिवे आले. १९३२ साली टिफनीच्या स्टुडिओचे दिवाळे निघाले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. आज त्याच दिव्यांना लिलावात मोठ्या किमती येतात, पण त्याचा त्याला काय उपयोग?

आपल्या पुणे जिल्ह्यातली गोष्ट याहून वेगळी आहे, आणि आम्हाला ती जास्त जवळची वाटते. अंताजी दामोदर काळे नावाचे एक गृहस्थ होते. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, अशी त्यांची कल्पना. लोक हसले. पण लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, पैसा पैसा गोळा झाला आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. आपल्या शेअरच्या कपातीची आठवण व्हावी अशीच ही रीत! त्या कारखान्याचे पहिले प्रमुख ईश्वरदास वार्ष्णेय. ते परदेशी जाऊन, जपानातही राहून, काच शिकून आलेले होते. तेथे नुसता माल निघत नव्हता, मुले काचकाम शिकतही होती. त्या शिकलेल्या माणसांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने उभे केले. आधी शिकण्याची जागा आणि मग धंदा, हा क्रम तेथे पाळला गेला.

पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कराड स्टेशनजवळ ओगले ग्लास वर्क्स काढले. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागेची मदत केली. वडिलांच्या नावावरून त्यांच्या कंदिलाला ‘प्रभाकर’ नाव पडले, आणि तो कंदील घेऊन रात्रीची पाळी धरलेली माणसे आपल्या तालुक्यात अजून असतील. ओगल्यांनाही काचेचे वेडच होते. पण त्यांनी वेडाला रोजच्या गरजेची वस्तू जोडून दिली. कंदील आणि त्याची काच प्रत्येक घराला लागत असे, आणि काच फुटली की दुसरी लागत असे. पुढे खेडोपाडी वीज आली, कंदिलाचे दिवस सरले, आणि आज तो कारखाना चालू नाही. गावाचे नाव ओगलेवाडी मात्र कायम आहे. ज्या मालावर पाऊण आयुष्य काढायचे त्याचे गिऱ्हाईक कोण आणि ते किती वर्षे टिकेल, हा प्रश्न कंदिलालाही होता आणि रंगीत खिडकीलाही आहे.

आता हिशोब. त्या घरी आम्ही पाटावर बसून जो केला तोच येथे देतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. काचेचा आणि शिशाचा भाव ज्याने त्याने बाजारात विचारून घालावा.

समजा, दोन फूट बाय तीन फूट, म्हणजे सहा चौरस फुटांची एक खिडकी आहे. धाकट्याने गिऱ्हाइकाला ५,००० रुपये सांगितले होते. काच, शिसे, सोल्डर मिळून माल ३,६०० रुपयांचा. त्याच्या मते १,४०० रुपये सुटले. आम्ही विचारले, काच तुटते ती धरली का? पोहोचवायला टेम्पो, बसवायला सुतार, वाटेत एखादा तुकडा तडकला तर तो बदलणे? त्याचे ९०० धरले. हत्यारांची झीज, कटरची चाके, सोल्डरची टोके यांचे ३००. वीज आणि जागेचे २००. झाले १,४००. म्हणजे ५,००० मधून ५,००० गेले. त्या खिडकीला त्याला चाळीस तास लागले होते. ते चाळीस तास फुकट.

तासाला १०० रुपये जरी मजुरी धरली तरी ४,००० होतात. खर्च भरला ९,००० रुपये. त्यावर धंदा पुढे चालण्यासाठी, बिनकामाच्या महिन्यांसाठी आणि बुडीत उधारीसाठी वीस टक्के, म्हणजे १,८०० धरले तर किंमत १०,८००. चौरस फुटाला १,८०० रुपये. पोरगे गप्प झाले. थोरला हसला, तेव्हा आम्ही त्यालाही म्हणालो, की बाबा, तू तुझ्या उसाच्या खर्चात घरच्या चार माणसांची मजुरी कधी धरलीस? पाणी धरायला रात्री दोनला उठतोस ते कोणत्या खात्यात लिहितोस? मग तोही गप्प झाला. घरची मजुरी न धरणे ही आपल्या शेतीची जुनी खोड आहे, आणि शेतकऱ्याचे पोर धंद्यात जाते तेव्हा ती खोड बरोबर घेऊन जाते.

“पण एवढी किंमत कोण देणार?” हा वडिलांचा प्रश्न. रास्त आहे. मंचरच्या पेठेत कांद्या-बटाट्याच्या गाडीमागे उभे राहून रंगीत खिडकी विकली जाणार नाही. गिऱ्हाईक आहे ते पुण्यात. बंगले सजवणारे लोक, हॉटेले, जुन्या वाड्यांची डागडुजी करणारे स्थापत्यकार. पुणे-नाशिक रस्ता दारात असल्यामुळे माल पोहोचवणे अवघड नाही, आणि शेडचे भाडे पुण्याच्या मानाने नगण्य. हा आपल्या भागाचा खरा फायदा. तोटा असा, की गिऱ्हाईक आपल्याला पाहत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे एखाद्या स्थापत्यकाराशी किंवा चांगल्या सुताराशी जोडून घेऊन काम करावे, त्याला त्याचा हिस्सा द्यावा आणि त्याबद्दल मनात कुरकुर ठेवू नये. लहान वस्तूही कराव्यात, म्हणजे देवघराच्या दाराची एकेक फुटाची चौकट, दिव्याची टोपी, लग्नाच्या भेटीला देण्याजोगे काही. मोठ्या कामातून उरलेले तुकडे त्यात संपतात आणि महिन्याचा किराणा निघतो.

किर्लोस्करांचीही गोष्ट या निमित्ताने आठवते. लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंगांच्या दृष्टिदोषामुळे ते सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तर लोक म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे तग धरण्याइतके दुसरे उत्पन्न घरात हवे, एवढाच आमचा त्यातला मुद्दा.

आणि येथेच ऊस उपयोगी पडतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, त्याप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत रास्त दराचे पैसे मिळावेत असा नियम आहे. पण ते येतात वर्षातून एकदा, आणि आडसाली असेल तर सोळा-अठरा महिन्यांनी. काचकामाचा पैसा थोडा थोडा येतो, पण वर्षभर येतो. दोन्ही एका घरात असतील तर एक दुसऱ्याला सांभाळतो. शिवाय आडसालीची मोठी बांधणी झाली की ऊस रोज माणूस मागत नाही. मात्र तोडीची चिठ्ठी आली आणि त्याच आठवड्यात पुण्याला खिडकी बसवायची ठरली, तर कोणी काय करायचे हे भावाभावांनी आधी बोलून ठेवावे. भांडणे पैशापेक्षा अशाच गोष्टींवरून होतात.

आमचा सल्ला आम्ही असा दिला. नवी जात आली की आपण सगळे रान तिच्याखाली घालत नाही. आधी पाच-दहा गुंठे बेणेमळा करतो, फूट पाहतो, मग वाढवतो. धंद्याचेही तसेच करावे. जमीन गहाण टाकू नये. भट्टी आत्ता घेऊ नये. शिशाच्या जोडकामाला भट्टी लागत नाही, ती लागते काचेवर रंगवून भाजायला, आणि तेवढे काम बाहेरून करून घेता येते. गोठ्याशेजारची खोली, एक भक्कम टेबल, हत्यारे आणि तीन-चार कामांपुरती काच, एवढ्यावर सुरुवात होते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जाला तारण द्यावे लागत नाही. पहिल्या वर्षाला तेवढे पुष्कळ झाले. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेविषयी पुष्कळांनी विचारले, तर तिच्या अठरा धंद्यांच्या यादीत सुतार, कुंभार, मूर्तिकार आहेत, काचकाम नाही. एजंट काहीही सांगो, पैसे भरू नयेत. उद्यम नोंदणीला सरकार शुल्क घेत नाही. गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. ओळखीच्याकडूनही घ्यावी, नव्हे, ओळखीच्याकडून आधी घ्यावी.

त्या घरी शेवटी जे ठरले ते असे : जमीन राहिली, ठिबक निम्म्या क्षेत्रावर झाले, आणि गोठ्याशेजारच्या खोलीत टेबल आले. धाकट्याने वही घातली आहे. पहिल्या आठ महिन्यांत पाच कामे झाली. त्यांतल्या दोनांत मजुरी पूर्ण सुटली, दोनांत अर्धी, आणि एक काम आतबट्ट्याचे. त्या पाचव्याचे माप गिऱ्हाइकाच्या सुताराने सांगितले होते, आणि चौकट अर्धा इंच लहान निघाली. आता माप तो स्वतः जाऊन घेतो. धंदा चालेल की नाही हे आत्ताच सांगणे घाईचे होईल, पण घरातले बोलणे सुरू झाले आहे.

एक गोष्ट मात्र अगदी निक्षून सांगायची आहे. शिसे विषारी आहे. ते हाताला लागून, धुळीतून आणि कापताना-घासताना पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमची इजा होते. हे काम स्वयंपाकघरात किंवा मुले झोपतात त्या खोलीत कधीही करू नये. गरोदर बाईने शिशाला हात लावू नये. काम करताना खाणे, चहा, तंबाखू बंद. उठल्यावर साबणाने हात धुवावेत, कपडे वेगळे ठेवून वेगळेच धुवावेत. खोली झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सोल्डरचा धूर बाहेर जाईल अशी खिडकी आणि पंखा असावा, काच घासताना डोळ्यांवर चष्मा असावा. शिशाचे तुकडे आणि पुसलेली घाण शेणखताच्या उकिरड्यात टाकू नये, ती शेतात जाते. पत्र्याच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावी. वर्षातून एकदा रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

वर दिलेल्या हिशोबाचा कोरा नमुना सर्व गट कार्यालयांत ठेवला आहे. ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांनी तो भरून, मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन यावे. लागणीच्या नोंदी चालू असल्यामुळे आम्ही दुपारी शिवारात असतो, तरी सकाळी अकराच्या आत भेटावे.